ओमला वाचून दाखवा

अँटवर्प, जून २०२५

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा फोन झाल्यापासून ओमचंच डोक्यात आहे. फुटबॉलच्या सरांनी फॉरवर्डवरनं काढून मागं बचावात स्टॉपरला लावलं म्हणून पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही, असं वहिनी म्हणाली. 'तिकडच्या एखाद्या खेळाडूचं लिही, माझं ऐकत नाही' असं तुम्ही म्हणालात. आश्चर्यच आहे. सगळी पेठ ज्यांच्या स्टॉपरच्या खेळाचं नाव काढते, त्यांचंच नातवंड ऐकत नाही. पण लिहिते.

इथल्या टोबी अल्डरवेरेल्ड या स्टॉपरनं या हंगामाबरोबर खेळणं थांबवलं. जन्मानं अँटवर्पचाच. लहानपणी तो जर्मिनल बेअरशॉट या क्लबमध्ये शिकला. आता तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगते: या शहरात बेअरशॉट आणि रॉयल अँटवर्प यांच्यात आपल्या कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल संघांसारखीच ईर्षा आहे. घरंच्या घरं वाटली गेलेली. टोबी वाढला एका तालमीत आणि शेवटी जिंकून दिलं दुसरीला.

पंधराव्या वर्षी तो घर सोडून अॅमस्टरडॅमला अयाक्स क्लबकडं गेला. ओमपेक्षा दोनच वर्षांनी मोठा होता तेव्हा. अयाक्सबरोबर ओळीनं तीन वेळा डच लीग जिंकली, मग माद्रिदला अॅटलेटिकोकडून २०१४ ची स्पॅनिश लीग, मग इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन, आणि पुढं तिथंच सहा वर्षं टॉटनहॅम. बेल्जियमसाठी १२७ सामने. २०१८ च्या वर्ल्ड कपला बेल्जियम तिसरं आलं, तेव्हा मागं हाच उभा होता.

टॉटनहॅमचं एक मात्र ओमला सावकाश सांगा. २०१६-१७ च्या हंगामात त्यांच्यावर ३८ सामन्यांत फक्त २६ गोल झाले, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी. मागं टोबी आणि यान व्हर्टोंघन. तोही जर्मिनल बेअरशॉटमधनंच अयाक्सला गेलेला.

मी टोबीला रॉयल अँटवर्पच्या बोसाउल स्टेडियमवर पाहिलं आहे, घरापासून चालत जाता येतं. पहिल्यांदा गेले तेव्हा चेंडूकडं न बघता त्याच्याकडंच बघत बसले. समोरचा फॉरवर्ड पळायच्या आधी हा दोन पावलं मागं आलेला असतो. मान सारखी वळलेली, डावीकडं, उजवीकडं. आणि चेंडू मिळाला की घाबरून उडवत नाही. मान वर करून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, धावणाऱ्याच्या पुढ्यात तिरका लांब पास. तेव्हा मला शाहू स्टेडियमच्या पायऱ्या आठवल्या. तुम्ही म्हणायचात, 'स्टॉपरची चड्डी मळली म्हणजे त्याला उशिरा दिसलं.' मला तेव्हा ते कळायचं नाही.

तो २०२२ मध्ये परत आला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. रॉयल अँटवर्प हा बेल्जियमच्या नोंदीतला एक नंबरचा क्लब, १८८० चा, पण १९५७ नंतर लीग जिंकलेली नव्हती. ४ जून २०२३, शेवटचा दिवस, सामना गेंकच्या मैदानावर. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी मला टीव्ही बघायला बोलावलं होतं. १९५७ साली ते दहा वर्षांचे होते.

त्या दिवशी अँटवर्प, गेंक आणि ब्रुसेल्सचं युनियन अशा तीन क्लबांना लीग जिंकायची संधी होती. युनियन त्यांच्या सामन्यात पुढं होतं, पण अखेरच्या काही मिनिटांत क्लब ब्रुजनं त्यांच्यावर तीन गोल केले. इकडं गेंक २-१ नं पुढं, म्हणजे चषक गेंककडं. आजोबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. ९४ व्या मिनिटाला चेंडू बॉक्सच्या बाहेर टोबीकडं आला आणि त्यानं उजव्या पायानं मारला तो थेट वरच्या कोपऱ्यात. २-२. बरोबरीवर अँटवर्प चॅम्पियन. आजोबा ओरडले नाहीत. चष्मा काढून मफलरच्या टोकानं पुसत बसले, किती तरी वेळ, आणि खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. आप्पा, मला तुम्ही तिथं हवे होता.

हा गोल ओमला मोबाईलवर एका मिनिटात सापडेल. पण आधी तो दाखवू नका, नाहीतर परत 'मला फॉरवर्डच खेळायचंय' म्हणेल. आधी टॉटनहॅमचा एखादा अख्खा सामना दोघं मिळून बघा आणि टोबीची मान किती वेळा वळते ते त्याला मोजायला सांगा. तुम्ही स्वतः किती वर्षं असं मान वळवत खेळलात, तेही सांगा. त्यानं कधी विचारलं नसेल, आणि तुम्ही आपणहून सांगणाऱ्यातले नाही.

गुडघ्याला तेल लावता ना? ऑगस्टमध्ये सुट्टी मंजूर झाली आहे, पंधरा दिवस येते. ओमसाठी शिनगार्ड आणि बूट आणते. पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखा आणि त्याचा फोटो पाठवा. अर्धा इंच जास्तच धरा, वाढता पाय आहे.

आईला नमस्कार.

तुमची,
शुभा