नाताळची चांदणी कामट्यांचीच हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर लागला की महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत दुकानांच्या दारात प्लॅस्टिकची हिरवी नाताळझाडं उभी राहतात. सणाला घर सजावं याचा मला आनंदच आहे. आता ख्रिस्ती नसलेल्या घरांतली पोरंही झाडासाठी हट्ट धरतात, तेही मला आवडतं. मला लिहायचंय ते जानेवारीबद्दल.

गेल्या जानेवारीत आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कुणीतरी कचऱ्यात असं एक झाड पेटवलं. त्या रात्री माझा सहा वर्षांचा नातू खोकून खोकून बेजार झाला. ही झाडं बहुतेक पीव्हीसीची असतात आणि पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराईड सुटतो, डोळ्यांना आणि घशाला झोंबणारा वायू. सकाळी मी त्याची एक अर्धवट जळलेली फांदी उचलून पाहिली. दोन तारांना पीळ देऊन त्यात बारीक कातरलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळलेल्या होत्या. तार आणि प्लॅस्टिक वेगळं करत कोण बसणार? आमच्या भंगारवाल्यानं तर हातच लावला नाही.

माझ्या लहानपणी आमच्या घरी सुरूची फांदी यायची. आप्पांचे एक स्नेही रत्नागिरीहून एसटीच्या टपावर टाकून ती पाठवायचे आणि आम्ही भावंडं स्टँडवर जाऊन थांबायचो. मातीच्या कुंडीत वाळू भरून ती रोवायची, त्यावर पिंजलेला कापूस, घोटीव कागदाच्या साखळ्या. येशूजन्माच्या देखाव्यातला गोठा उसाच्या पाचटाचा. नवरात्रातल्या घटासारखे गहू आठ-दहा दिवस आधी पेरायचे, म्हणजे नाताळपर्यंत गोठ्यापुढं हिरवंगार शेत तयार. सहा जानेवारीनंतर फांदी चुलीत आणि पाचट परड्यातल्या खतात जायचं.

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले १८५२ मध्ये. त्याआधी जेमतेम चार वर्षं, १८४८ साली, लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र छापून आलं आणि जर्मनीतली ही रीत इंग्रजांच्या घरोघरी गेली. ते लोक फर नावाचं सुईसारख्या पानांचं झाड तोडत, कारण त्यांच्या रानात फर होता. आप्पांनी आपल्याकडं मिळालं ते आणलं. त्यानं आमच्या नाताळात काही उणं पडलं नाही.

आता फांदी तोडा असं मी म्हणणार नाही. नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळतं ते अरौकेरिया कुंडीत वर्षानुवर्षं राहतं. मूळचं ते प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं, पण आमच्या गच्चीवर अकरा वर्षं सुखात आहे. सणापुरतं चार दिवस आत घ्यावं आणि पुन्हा उजेडात ठेवावं. शेंडा मात्र कधी छाटू नये, झाडाचा आकार जातो. ज्यांच्याकडं प्लॅस्टिकचं झाड आहे, त्यांनी ते टाकूही नये. जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं तर दहा-पंधरा नाताळ सहज निघतात.

नाताळात टांगायच्या चांदणीबाबत मात्र माझा आग्रह आहे, ती कामट्यांचीच हवी. बुरूड गल्लीत बांबूच्या कामट्या मिळतात. दहा कामट्या घ्यायच्या, पाच-पाचांच्या दोन चांदण्या सुतळीनं बांधायच्या. दोन्ही एकावर एक ठेवून पाचही टोकं आवळायची आणि आत जिथं कामट्या एकमेकींना छेदतात तिथं पाच आखूड काड्या उभ्या अडकवायच्या, की चांदणी मधून फुगते. वर पतंगी कागद. खळ मैद्याची, चिमूटभर मोरचूद घालून, नाहीतर कसर लागते. मोरचूद विषारी असतं, म्हणून खळ मोठ्यांनीच करावी. एक बाजू उघडी ठेवायची, दिवा बदलायला.

पंचगंगेसाठी ज्या कोल्हापूरनं गणेशमूर्ती दान करायला सुरुवात केली आणि काहिलीत, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईत, विसर्जन मान्य केलं, त्या गावाला हे अवघड नाही. शहरातल्या सगळ्या चर्चना माझी विनंती आहे की नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चार रविवारांपैकी एक रविवार उपासनेनंतर मुलांना चांदण्या करायला बसवावं. इतर घरांतल्या मुलांनाही बोलवावं. मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलंय, हात अजून चालतात. कामट्या सोलून आणीन, खळही घरून करून आणीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, शाहूपुरी, कोल्हापूर