शैक्षणिक कर्जाची हमी शाखेपर्यंत पोहोचू द्या

प्रति,
मा. केंद्रीय शिक्षणमंत्री,
शिक्षण मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

सादर नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात, तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. कॅप राउंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीची, यादी लागली की पालक आम्हा शिक्षकांकडे येतात. नंबर लागल्याचा आनंद असतो, पण फी भरायची मुदत मोजक्या दिवसांची असते. त्यातल्या अनेकांना कर्जाशिवाय मार्ग नसतो.

गेल्या हंगामात अशाच एका कापूस उत्पादक पालकांसोबत मी बँकेत गेलो. पिशवीत सातबारा, आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मुलाचं अलॉटमेंट लेटर, सगळं नीट लावलेलं. साहेबांनी कॉलेजचं नाव पाहिलं आणि म्हणाले, "हे विद्यालक्ष्मीच्या यादीत नाही. नोकरीवाला जामीनदार आहे का कुणी?" मग वडिलांचं सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, काढलं. पीककर्ज थकलेलं निघालं आणि विषय तिथंच मिटला. नकार तोंडीच मिळाला.

पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेला मंत्रिमंडळाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी मंजुरी दिली, तेव्हा आम्ही मनापासून स्वागत केलं. तारण नको, जामीनदार नको, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जावर 75 टक्के पतहमी, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला भरपाईची हमी, सरकारची. पण ही योजना सुरुवातीला 860 दर्जेदार संस्थांसाठी होती आणि देशात महाविद्यालयं 40 हजारांहून अधिक आहेत. आमची बहुतेक मुलं उरलेल्या महाविद्यालयांत जातात. त्यांच्यासाठीही 2015 पासून वेगळा पतहमी निधी आहे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेतलं साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज त्यातून विनातारण, विनाजामीन देता येतं, बुडालं तर 75 टक्के भरपाईची तरतूद आहे. म्हणजे यादीत नाव नसलं तरी नोकरीवाला जामीनदार शोधत फिरण्याची वेळ त्या बापावर यायला नको होती. शाखेत हे कुणी सांगत नाही, आणि ज्याला माहीतच नाही तो विचारणार तरी काय?

सिबिलचंही तसंच. पाऊस दगा देतो, भाव पडतात, पीककर्ज थकतं. त्याचा डाग मुलाच्या शिक्षणावर का पडावा? कर्ज फेडणार आहे तो मुलगा, त्याच्या भावी कमाईतून. केवळ सिबिल स्कोअर कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असं केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं आहे. तसा स्पष्ट आदेश अर्थ मंत्रालयामार्फत सर्व सरकारी बँकांना जावा.

ज्यांना कर्ज मिळतं त्यांची गोष्ट वेगळी, पण काळजी तेवढीच. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, एवढंच घरी कळलेलं असतं. हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असं ते धरून चालतात. हिशेब मांडून पाहा. दरवर्षी दीड लाख असं चार वर्षांत 6 लाख उचललं आणि व्याज 10 टक्के सरळव्याजाने धरलं, तर चार वर्षांचं शिक्षण आणि पुढचं एक वर्ष मिळून 2 लाख 10 हजार रुपये व्याज चढतं. पहिला हप्ता भरायच्या आधीच कर्ज 8 लाख 10 हजारांवर गेलेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे 10,700 रुपये. त्या काळातलं व्याज माफ झालं असतं, तर हप्ता 7,900च्या आसपास बसला असता. पहिली नोकरी लागलेल्या, पुण्यात खोलीभाडं भरणाऱ्या पोरासाठी हा फरक फार मोठा आहे.

साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना, पात्र संस्थेतल्या तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, हे सगळं व्याज सरकार भरतं. पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वेळेत द्यावा लागतो, हे कित्येकांना उशिरा कळतं. आठ लाखांपर्यंतच्या घरांना विद्यालक्ष्मीतून 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत आहे, तीही वर्षाला फक्त एक लाख विद्यार्थ्यांना. शिवाय दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती मिळत नाही. ही अट मला फार खटकते. आमच्याकडे राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा काही भाग सुटतो, पण वसतिगृह, मेस, पुस्तकं यांचा खर्च राहतोच आणि त्यासाठीच मूल कर्ज काढतं. गरज आहे म्हणून शिष्यवृत्ती मिळाली, आणि ती मिळाली म्हणून व्याजाची सवलत गेली! ही अट काढून टाकावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी दोन गोष्टी पुढच्या प्रवेशांच्या आधी करता येतील, आणि त्यांना फार पैसा लागणार नाही. कर्जाच्या कागदांवर सही घेण्यापूर्वी वर मांडला तसा हिशेब, वर्षागणिक चढणाऱ्या व्याजासह, मराठीत छापून पालकांच्या हाती द्यावा. आणि कर्ज नाकारलं तर कारण लेखी द्यावं, ते कर्जाच्या अर्जाच्या पोर्टलवर दिसावं आणि वरिष्ठ कार्यालयाकडे दाद मागायची सोय त्याच पानावर असावी. हातात कागद असेल, तर आमच्यासारखे शिक्षक पुढचा पाठपुरावा करायला तयार आहेत.

आपल्या उत्तराची वाट पाहतो आहे.

आपला नम्र,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षक
जि. बीड