बावीस वर्षांनी पुन्हा हँडलवर

प्रिय दोस्ता,

बातमी एका ओळीत सांगतो, मग हवं तितकं हसून घे. मी मोटारसायकल घेतली. नुसती घेतली नाही, चालवतोही.

फोनवर सांगितलं असतं तर तू मला बोलूच दिलं नसतंस, म्हणून हे पत्र. शिवाय तुझा-माझा एक जुना हिशेब बाकी आहे आणि तो तोंडी चुकता करायची माझी हिंमत नाही.

ते मैदान आठवतं ना? तुझ्या दादाची काळी गाडी, चारही गिअर पुढे टाकायचे असलेली. तू मागे बसून माझ्या कानात ओरडत होतास, "क्लच हळू सोड, अरे हळू!" आणि मी दर वेळी फट्कन सोडत होतो. गाडी बंद. किक. पुन्हा बंद. शेवटी एकदाची निघाली, तू उतरलास आणि म्हणालास, आता एकटा एक चक्कर मार. मी अर्धीच मारली. वळताना आडवा झालो, इंडिकेटर तुटला, क्लचचा दांडा वाकला. दादाच्या शिव्या तू खाल्ल्यास, कारण गाडी तूच पाडलीस असं तू सांगितलंस. आणि मी जो भेटेल त्याला सांगत सुटलो की ब्रेकच लागला नाही.

ते खोटं होतं. ब्रेक लागला होता. नको इतका चांगला लागला होता. पण त्याचं नंतर सांगतो, आधी गाडीचं ऐक.

गाडी जुनी घेतली, दीडशे सीसीची. नवीच घे म्हणणारे पुष्कळ भेटले. पण शिकताना मी ती पाडणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, आणि नव्याकोऱ्या टाकीवर पहिला ओरखडा स्वतःच्या हाताने ओढायचं धाडस माझ्यात नाही. ओळखीच्या एका मेकॅनिकने एकच मंत्र दिला: मालकाला आधी सांगून ठेव, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नको. थंड इंजिन खोटं बोलत नाही. पहिल्या गाडीपाशी गेलो आणि इंजिनाजवळ नुसता हात नेला तर चांगलीच धग लागली. मालक म्हणाला, सकाळी सहज एक फेरी मारली. म्हटलं बरं, आणि निघालो. दुसरी एका झटक्यात सुरू झाली, पण रेस दिली की सायलेन्सरमधून निळसर धूर. म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जळतंय. तिसऱ्या गाडीचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक, पाहिलं तर दात एका बाजूला झुकून आकड्यासारखे झालेले, आणि चेन अशी लोंबत होती की बघूनच परत फिरलो.

चौथी घेतली. तिचा फूटरेस्ट घासलेला होता आणि ब्रेकच्या दांड्याचं टोक खरवडलेलं. मी तोंड उघडायच्या आत मालकच म्हणाला, "दोनदा पडलीय, दोन्ही वेळा उभ्या उभ्या." मला तो माणूस आवडला. पुढचं चाक उचलून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, कुठे अडकत नव्हतं. चासी नंबर कागदांशी जुळवला. एक गंमत मला नव्यानेच कळली. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. हिच्या टायरची नक्षी शाबूत होती, पण वयाने रबर पार कडक झालेलं. व्यवहार झाल्यावर पहिले दोन्ही टायर बदलले. आणखी एक पाहिलं: सीटवर बसून दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतात. यावर लोक हसतात. हसू देत. दीडशे किलोच्या आसपासचं धूड तिरकं व्हायला लागलं की चवड्यांवर तोलून धरता येत नाही.

आता शिकण्याचं. या वेळी मित्राकडून शिकलो नाही, क्लास लावला. रागावू नकोस, याला कारण आहे. अमेरिकेत १९८१ मध्ये मोटारसायकल अपघातांचा एक मोठा अहवाल निघाला. लॉस एंजेलिसच्या भागातल्या सुमारे ९०० अपघातांच्या जागी स्वतः जाऊन अभ्यास केलेला. करणाऱ्या प्राध्यापकाचं आडनाव हर्ट, म्हणजे इंग्रजीत इजा. मी बनवून सांगत नाहीये. त्यात निघालं की अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के चालक आपापले शिकलेले, नाहीतर घरच्यांनी-मित्रांनी शिकवलेले होते. त्या काळी बहुतेक सगळे तसेच शिकत असणार, त्यामुळे या आकड्याला फार चढवून ठेवायचं कारण नाही. पण ते वाचताना मला तू दिसलास, मागे बसून ओरडणारा.

क्लासमध्ये पहिला तासभर इंजिन सुरूच करू दिलं नाही. गाडी नुसती ढकलायची, वळवायची, स्टँडवर लावायची, उतरवायची. मग पहिला गिअर टाकून, रेस अजिबात न देता, निव्वळ क्लचवर गाडी पुढे सरकवायची. इथे माझे डोळे उघडले. मी क्लचला विजेचं बटण समजत होतो: दाबला की तुटलं, सोडला की जोडलं. तसं नाहीच. आत चकत्या असतात, एक इंजिनाबरोबर फिरणारी, एक चाकाकडे जाणारी, अशा आळीपाळीने. दांडा सोडत आणला की त्या आधी एकमेकींना घासतात आणि मग घट्ट चिकटतात. सगळी विद्या त्या घासण्याच्या बोटभर जागेत आहे. बोटं सैल करत न्यायची, सैल करत न्यायची, आणि एका ठिकाणी इंजिनाचा आवाज खोल जातो, सीटखाली बारीकशी ओढ लागते, टाचा आपोआप जमिनीवरून सुटायला बघतात. तिथे थांबायचं. तिथून पुढे सोडलास की गाडी चालते, मागे घेतलास की थांबते. मास्तरांनी मला त्या एका जागेवर चाळीस वेळा तरी पुढे-मागे केलं. संध्याकाळी डाव्या हाताला बाटलीचं झाकण उघडेना. पण त्या दिवसानंतर गाडी बंद पडायची जवळजवळ थांबली. तू "हळू सोड" म्हणायचास ते बरोबरच होतं रे, फक्त कुठपर्यंत हळू ते तू कधी सांगितलं नाहीस.

मग शंकू मांडून त्यांच्याभोवती आठच्या आकड्यासारखी गाडी फिरवायची. अतिसावकाश. मला वाटायचं जोरात चालवणं अवघड, सावकाश काय कोणीही चालवेल. नेमकं उलटं आहे. वेग असला की गाडी स्वतःच सरळ राहते, माणसाच्या चालीने चालवताना तोल तुला राखावा लागतो. हाफ क्लच, किंचित रेस, मागचा ब्रेक हलकासा दाबलेला, आणि नजर? नजर जिथे जायचंय तिथे. मी पुढ्यातल्या शंकूकडे बघत होतो, याला धडकायचं नाही, याला धडकायचं नाही असं घोकत. सरळ जाऊन त्यालाच धडकलो. तीनदा. चौथ्या वेळी मास्तर पलीकडे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या चष्म्याकडे बघ. चष्म्याकडे बघत वळलो तर शंकू कधी मागे गेला कळलंसुद्धा नाही.

धीर खचला की मला १८८५ सालातली ती पहिली पेट्रोल मोटारसायकल आठवायची, जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी केलेली. लाकडी सांगाडा आणि दोन्ही बाजूंना आधाराची छोटी चाकं, लहान मुलांच्या सायकलला असतात तशी! ज्यांनी ती बनवली त्यांनाच आधाराची चाकं लागली, मग माझं काय घेऊन बसलास.

आणि आता तो ब्रेक. मैदानात तू मला बजावलं होतंस, पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, तोंडावर आपटशील. अर्धी दुनिया हेच सांगते. क्लासमध्ये कळलं की कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो, साधारण ७० टक्के. गाडी थांबताना वजन पुढे येतं, पुढचा टायर रस्त्यात रुततो आणि मागचा हलका होतो. नुसत्या मागच्यावर भिस्त ठेवलीस तर चाक जाम होऊन शेपूट हलवत घसरत जाशील. फक्त पुढचा ब्रेक एकदम ओढायचा नाही. ओला स्पंज पिळतो तसा दाबत न्यायचा, म्हणजे वजनाला पुढे यायला वेळ मिळतो. आणि हँडल सरळ हवं.

हे ऐकताना माझ्या कानशिलांना गरम लागलं. त्या दिवशी मैदानाच्या कोपऱ्यावर बारीक खडी होती. मी वळत होतो, हँडल पुरतं फिरलेलं, भिंत जवळ आली असं वाटलं आणि मी चारही बोटांनी पुढचा ब्रेक खच्चून आवळला. पुढचं चाक खडीवरून सटकलं आणि मी खाली. लावू नको म्हटलेला ब्रेक मीच लावला होता. तू विचारलंस, काय झालं? मी म्हणालो, ब्रेक लागला नाही. तू दादाला माझं नाव सांगितलं नाहीस आणि वर दोन दिवस ब्रेकची केबल तपासत बसलास. मी बघत होतो. बावीस वर्षं मी गाडीला हात लावला नाही, त्याचं कारण पडण्याची भीती असं सगळ्यांना वाटतं. पडण्याची थोडी होतीच. पण कोणी शिकवायला बसलं की ती केबल तपासणारा तू डोळ्यापुढे यायचास, त्याचीच जास्त होती.

झालं, सांगून टाकलं. आता पुढे.

एक गोष्ट तुलाही पटणार नाही. वेगात असताना उजवीकडे वळायचं तर उजवं हँडल पुढे ढकलायचं. हो, पुढे. मी मास्तरांशी वाद घातला. ते म्हणाले, बावीस वर्षांचं घोकलेलं विसर आणि तळहाताने नुसता दाब देऊन बघ. दिला, आणि गाडी उजवीकडे झुकून अशी अलगद वळली की मीच दचकलो. चाक क्षणभर उलट बाजूला जातं, गाडी हव्या त्या बाजूला कलते आणि मग वळते. सायकलवरही आपण नकळत हेच करतो. विमानवाले राइट बंधू मूळचे सायकलींच्या धंद्यातले. त्यातला विल्बर सायकल चालवणाऱ्यांना विचारायचा की तुम्ही वळता कसे, आणि एकालाही पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर सांगता येत नसे. वळता मात्र सगळ्यांना येत होतं!

रस्त्यावरचे पहिले दिवस फार सांगण्यासारखे नाहीत. सिग्नलला न्यूट्रल सापडेना, मागून हॉर्न. इंडिकेटर चालू ठेवून मैलभर गेलो. दुकानासमोर थांबलो आणि पाय टेकला तो नेमका खड्ड्यात. गाडी शून्य वेगाने, अगदी शांतपणे आडवी झाली. एक लहान मुलगा आईला म्हणाला, "काका झोपले." उचलायची युक्ती मात्र तेव्हा कामी आली: गाडीकडे पाठ करून बसायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने मागचा दांडा धरायचा आणि मांड्यांच्या जोरावर मागे रेटत उठायचं. कंबर वाकवून उचलली असती तर आठवडाभर मीच आडवा राहिलो असतो.

एकदा मात्र थोडक्यात वाचलो. समोरून एक मोटार येत होती, तिला माझ्या पुढून वळायचं होतं. चालकाने माझ्याकडे बघितलं. डोळ्याला डोळा भिडला. आणि तो वळला. माझा वेग चाळीसचा, म्हणजे दर सेकंदाला अकरा मीटर. दोन बोटं आधीच ब्रेकच्या दांड्यावर होती म्हणून थांबलो, त्याच्या दारापासून हातभर अलीकडे. तो खरोखर घाबरला होता, म्हणाला, "तुम्ही दिसलाच नाहीत." त्या हर्टच्या अहवालातही हेच सारखं येतं: समोरच्याने आडवं येणं, आणि नंतर दिसलं नाही म्हणणं. तेव्हापासून मी डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही. मोटारीच्या पुढच्या चाकाकडे बघतो. चाक फिरायला लागलं की समजायचं.

सुखाचं काय, म्हणशील. ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातलं निम्मं तुला माहीतच आहे. मागच्या रविवारी पहाटे एकटा निघालो. रस्ता एका ओढ्यापाशी खाली उतरतो, तिथे एकदम गार हवेचा लोट हेल्मेटच्या फटीतून आत आला, चढ लागल्यावर पुन्हा कोमट. मोटारीत काच लावून इतकी वर्षं त्याच रस्त्याने गेलो, तिथे गारवा असतो हे माहीतच नव्हतं. परत फिरून पुन्हा त्या उतारावरून गेलो.

तू म्हणशील, आता मला मागे बसव. इतक्यात नाही. मागे माणूस बसला की थांबायला अंतर जास्त लागतं, झुकणं बदलतं, सावकाश वळताना तोल वेगळाच. मास्तर म्हणाले, आधी एकट्याने हजारेक किलोमीटर होऊ दे. माझे सहाशे झालेत. पण तुझं हेल्मेट आत्ताच आणून ठेवणार आहे, जुनं कोणाचं तरी चालणार नाही. एकदा आपटलं की आतला फोम दबतो आणि पुन्हा फुगत नाही, बाहेरून काही कळत नाही. तेव्हा शिवणकामाची टेप घे, भुवयांच्या वर बोटभर, कानांच्या वरून, मागे डोकं सगळ्यात मोठं असतं तिथून फिरव, आणि किती सेंटिमीटर भरतं ते कळव.

आणि दादाला त्या इंडिकेटरचं खरं काय ते सांगून टाक. की मी सांगू?

तुझाच,
मैदानातला अर्धी चक्कर