पेन्सिलीने भरलेल्या त्या विषयांच्या कागदासाठी

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. शाळेच्या कार्यालयात सगळे तुम्हाला काका म्हणतात, मीही तेच म्हणते. माझा भाऊ दहावी पास झाला. आम्ही पेढे घेऊन आलो तेव्हा तुमच्या खिडकीपुढे दाखल्यांसाठी एवढी गर्दी होती, की धड बोलताच आलं नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, "त्यांना नीट काही सांगितलंच नाही आपण." म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ज्यांची मुलं आता आठवी-नववीत आहेत आणि गणिताच्या नावाने रडताहेत, त्यांच्याही ते वाचनात यावं.

माझ्या भावाला गोष्टी, इतिहास, कविता एकदा ऐकल्या की पाठ होतात. पण सुटे पैसे मोजताना तो घामाघूम होतो. सहाचा पाढा संध्याकाळी येतो आणि सकाळी जातो. त्रेसष्ट सांगितले की छत्तीस लिहितो. आधीच्या शाळेने याला एकच नाव दिलं होतं: आळस. वर्षानुवर्षं डायरीत तेच. क्लासवाल्यांनी वर्षाची फी घेतली आणि शेवटी तेही डायरीचंच वाक्य बोलले. शेवटी शेजारच्या काकूंनी सायनच्या रुग्णालयाचं नाव सुचवलं. तिथल्या तपासण्या झाल्या आणि कळलं की हा डिस्कॅल्क्युलिया आहे, म्हणजे आकडे आणि गणित समजायला अडचण येणं, अध्ययन अक्षमतेचा एक प्रकार. आई त्या दिवशी लोकलमध्ये रडली. मला मात्र हायसं वाटलं होतं. आता प्रमाणपत्र हातात आहे, आता शाळा मदत करेल, असं मी धरून चालले होते.

त्या आधीच्या शाळेत आम्हाला सांगण्यात आलं की आमच्याकडे असलं काही नसतं. नववीत हा नापास होणार, तेव्हा शाळा सोडा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून बोर्डाला बसणं. शिक्षण तुटलेल्यांना, नोकरी करून शिकणाऱ्यांना तो मोठाच आधार आहे. पण रोज शाळेत येणाऱ्या, हसत्याखेळत्या मुलाला तिकडे ढकलायचं, ते फक्त फाटकावरच्या फलकावर 'शंभर टक्के निकाल' लिहिता यावं म्हणून, हे मला आजही सहन होत नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला महाराष्ट्राने १९९६ मध्ये सुरुवात केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत, त्यांत ही अक्षमताही आहे. माझ्या भावाचा जन्मही झाला नव्हता तेव्हापासूनची सोय, आणि ती त्या शाळेच्या गावीही नव्हती. किंवा असेलही. कोणती गोष्ट जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

आणखी एक राग माझ्या मनात आहे. आठवीत संस्कृत घेण्याची वेळ आली तेव्हा त्याला ते हवं होतं. आजोबांकडून सुभाषितं ऐकून ऐकून त्याला ती तोंडपाठ. पण त्या शाळेत संस्कृत फक्त 'अ' तुकडीला, आणि 'अ' तुकडी सातवीच्या गुणांवर. म्हणजे गणित येत नाही म्हणून संस्कृत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला काय आवडतं, हे त्या साऱ्या व्यवहारात कुणी एकदाही विचारलं नाही.

मग आम्ही तुमच्या शाळेत आलो. प्रवेशाचे कागद, दाखला, प्रमाणपत्राची पडताळणी, बोर्डाशी पत्रव्यवहार, ते सगळं तुम्ही कसं केलंत त्यात मी शिरत नाही. तुमचं कामच आहे असं तुम्ही म्हणाल. मला सांगायचंय ते त्या पहिल्या दिवसाचं.

खिडकीपाशी पालक उभे होते. तुम्ही प्रमाणपत्र मोठ्याने वाचलं नाहीत. आम्हाला आत बोलावलंत, भावाला खुर्ची दिलीत, आणि विषयांचा कागद माझ्याकडे न करता त्याच्याकडे फिरवलात. बोर्डाच्या जुन्या वेळापत्रकातली एक ओळ त्याला बोटाने दाखवलीत. बीजगणिताच्या पेपरच्याच दिवशी अंकगणिताचा पेपर, फक्त पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी. "सातवीच्या पातळीचं गणित असतं," तुम्ही म्हणालात, "जोडीला हाताने करायचा एक विषय. हे घेतलंस तर पुढे सायन्सला जाता येणार नाही, डिप्लोमाही नाही. आर्ट्सचा रस्ता मोकळा राहील. घरी जाऊन ठरव." ही किंमत तुम्ही लपवली नाहीत. आधी धीर द्यायचा आणि खरं नंतर सांगायचं, असं तुम्ही केलं नाहीत, याचं मोल मला फार वाटतं.

मग तुम्ही टेबलावरचं पेन बाजूला ठेवलंत, खणातून पेन्सिल काढलीत आणि सगळे विषय पेन्सिलीने भरलेत. मराठी, इंग्रजी, संपूर्ण हिंदी, अंकगणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे. कागद त्याच्या हातात दिलात आणि म्हणालात, "नको वाटेल ते खोड. हवं ते लिही. पेन तू फिरवायचंस, मी नाही."

काका, तुम्हाला हे आठवतही नसेल. तोपर्यंत त्याच्याबद्दलचं सगळं कुणीतरी पेनाने लिहिलं होतं. डायरीतले शेरे, गुणपत्रिकेवरच्या लाल रेघा, तुकडी. खोडता येईल असा कागद त्याला पहिल्यांदा मिळाला. त्या रात्री तो बराच वेळ दिव्याखाली बसला होता. आईने डोकावून पाहिलं तर अंकगणित तसंच होतं, पण 'संपूर्ण हिंदी' खोडून त्याने 'संस्कृत-हिंदी संयुक्त' लिहिलं होतं. आणि मग सगळ्यावरून निळं पेन फिरवलं होतं, फार जपून, अक्षर न् अक्षर.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कागद पाहिलात. आठवीत संस्कृत नव्हतं, आता कसं जमेल, असं काही विचारलं नाहीत. "बाईंशी बोलतो. तू आठवीचं पुस्तक मिळव आणि सुट्टीत वाचून काढ." एवढंच. त्या सुट्टीत तो पहाटे उठून आजोबांपाशी बसायचा. कुणी न सांगता अभ्यासाला बसलेला माझा भाऊ मी त्याआधी पाहिलेला नव्हता.

शाळा चालते ती शिक्षकांवर, हे खरंच आहे. पण कार्यालयातल्या माणसावर किती मुलांचं काय काय अवलंबून असतं, ते मला तुमच्यामुळे कळलं. नियम तोच असतो, कागदही तोच असतो. एक माणूस तो कागद पुढे सरकवून 'सही करा' म्हणतो आणि दुसरा बसायला खुर्ची देतो. सौजन्य दाखवण्यासाठी तुम्हाला वेगळा वेळ लागला नाही. पाच-सात मिनिटांचं काम होतं आणि मागे रांग तशीच उभी होती. साधेपणाने, उपकाराचा आव न आणता कुणाला माणसासारखं वागवणं हे फार मोठं काम आहे, आणि ते करणाऱ्यांच्या नावाचे फलक कुठे लागत नाहीत.

त्याने अकरावीला कला शाखेचा अर्ज भरलाय, संस्कृत आणि इतिहास घेऊन. कॉलेजांचा पसंतीक्रम त्याने स्वतः लावला. आम्ही कुणी बोललो नाही.

एक विनंती आहे. आमच्या इमारतीतल्या एका ताईंची मुलगी आठवीत आहे, शाळा दुसरी आहे आणि तिथेही त्यांना तेच ऐकवलं गेलंय. प्रमाणपत्र अजून झालेलं नाही. मी त्यांना तुमच्याकडे पाठवतेय, सोमवारी दुपारी, गर्दी ओसरल्यावर. तुमच्या शाळेची मुलगी नाही, तरी त्यांना ती वेळापत्रकातली ओळ एकदा दाखवा. मुलगीही बरोबर येईल.

आपली नम्र,
त्याची ताई