नुसतं "जोरात टाक" पुरे झालं

संपादक साहेब, स. न.

शालेय सॉफ्टबॉलच्या बातम्या तुम्ही दोन ओळीत का होईना छापता म्हणून लिहितेय. माझी मुलगी पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, आहे. ग्राउंडवर बघावं तेव्हा एकच आरडाओरडा, "जोरात टाक, जोरात!" अहो पण महिलांच्या सॉफ्टबॉलला पिचर ते होम प्लेट (बॅटर उभी राहते ती जागा) अंतरच 43 फूट, ताशी 90 किमीचा बॉल साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो, चांगली बॅटर दोन-तीन बॉलात तो स्पीड पकडते आणि पुढचा थेट आउटफिल्डला! इथे चेंजअप, म्हणजे फसवा हळू बॉल, लागतो. हात तसाच विंडमिलसारखा जोरात फिरवायचा, पाऊल तेवढंच लांब टाकायचं, फक्त बॉल बोटांवर न धरता तळव्यात खोल धरायचा आणि सोडताना मनगटाचा झटका द्यायचा नाही, बॉल हळू येतो नि बॅट आधीच फिरून गेलेली असते. क्रिकेटमधल्या स्लोअर बॉलचं केवढं कौतुक होतं, मग हाच काय सावत्र?

मुली चुकतात कुठे, तर हातच स्लो करतात, बॅटरला लगेच कळतं. आमच्या लेकीचे पहिले पंधरा दिवस बॉल एकतर पायाशी टप्पा खायचे नाहीतर कॅचरच्या डोक्यावरून मागच्या जाळीत, कॅचर जाम वैतागलेली.

2028 च्या ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय. आपल्याकडच्या शिबिरात निदान एक दिवस फक्त चेंजअपला द्या, आणि मॅचमध्ये एखादा फसला तर लगेच पोरीला बाहेर बसवू नका.

– एका पिचरची आई, जळगाव