ॲमस्टरडॅमहून आई-बाबांना

ती. आई-बाबांना सा. न.

मी मजेत आहे. सर्दी केव्हाच गेली, जेवण वेळेवर होतं. फोनवर आवाज बसलेला वाटला तो रेंजमुळे, त्यामुळे आई, तू रात्र जागवू नकोस.

इथली एक तऱ्हा मात्र सांगतोच. वाढदिवस एकाचा आणि अभिनंदन सगळ्या घराचं! घरमालकीणबाईंच्या मुलाचा होता. येणारा प्रत्येक जण मुलाला भेटून मग आईला "मुलाबद्दल अभिनंदन", आजीला "नातवाबद्दल", मामाला "भाच्याबद्दल" असं म्हणत, हात मिळवत खोलीभर फिरतो. मग खुर्च्या गोल मांडून सगळे केक खात बसतात. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू म्हणून माझंही अभिनंदन झालं, आणि मला फार बरं वाटलं.

बाबा, नारायणगावजवळ खोडदची एवढी मोठी दुर्बीण असताना इतक्या लांब कशाला, असं विचारलंत. खोडदला रेडिओ लहरी पकडतात, कृष्णविवराजवळून सुटणारे झोत त्यांत दिसतात. पण आत पडणारा वायू तापून क्ष-किरण सोडतो आणि ते हवेतून जमिनीवर पोचत नाहीत, उपग्रहच लागतो. मी दोन्ही नोंदी शेजारी ठेवतो. २००३ मध्ये लक्षात आलं की वस्तुमान, क्ष-किरण आणि रेडिओ यांचं एकच गणित दहा-वीस सूर्यांएवढ्या कृष्णविवरांना लागू पडतं, तसंच कोट्यवधी सूर्यांएवढ्यांनाही. घरच्या पातेल्यातला पाक आणि गुऱ्हाळाच्या काहिलीतला रस, टप्पे तेच, वेळ निराळा. वायूच्या फेऱ्यांचा वेळ वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो. हंस तारकासमूहातलं सिग्नस एक्स-१ सुमारे २१ सूर्यांएवढं. २०१९ मध्ये पेपरात ज्याचा फोटो आला ते एम८७ नावाच्या दीर्घिकेमधलं साडेसहाशे कोटी सूर्यांएवढं. पहिल्यात एका सेकंदात जे घडतं त्याला दुसऱ्यात दहा वर्षं लागतात! माणसाच्या आयुष्यात मोठ्याचं सगळं बघून होणारच नाही, म्हणून धाकट्यावर नजर ठेवायची. काका म्हणतात तसा हा रिकामा उद्योग नाही, बाबा. मला यात मनापासून रस आहे.

आजीच्या वर्षश्राद्धाला आलो नाही, ते मनातून जात नाही. पण उपग्रहाची वेळ तेव्हाच मिळाली होती.

ताईच्या लग्नाच्या हॉलचा ॲडव्हान्स तुमच्या खात्यावर पाठवलाय. उरलेलं पुढच्या महिन्यात पाठवतो, पण सोसायटीचं कर्ज काढू नका. हळदीच्या आदल्या दिवशी मी घरी असेन, सुट्टी मंजूर झाली आहे. ओतूरच्या स्थळाला मात्र इतक्यात होकार कळवू नकोस, आई. लग्नानंतर राहणार कुठे, हे मुलगी विचारणारच, आणि ही नोकरी संपेपर्यंत ते मलाच सांगता येणार नाही. ताईच्या लग्नात आपण समोरासमोर बसून बोलू.

तुमचा,
संदीप