प्रश्न स्पॅनिशमध्ये, उत्तर इंग्रजीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या हिस्पॅनिक मतदारांवरचा लेख वाचला. उमेदवार दोन वाक्यं स्पॅनिशमध्ये बोलला की हा मतदार विरघळतो, असा त्याचा एकंदर सूर. मी पुण्यात बावीस वर्षं स्पॅनिश शिकवते आहे. मुलगी ह्यूस्टनला असते, म्हणून २०२४ चा अख्खा ऑक्टोबर तिथल्या स्पॅनिश वाहिन्यांसमोर बसून काढला. विरघळताना मला तरी कोणी दिसलं नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच.

दोन वाक्यांची परंपरा मात्र जुनी आहे. १९६० साली जॅकी केनेडींनी नवऱ्यासाठी स्पॅनिशमध्ये एक छोटी टीव्ही जाहिरात केली. 'केरिदोस आमिगोस' म्हणजे 'प्रिय मित्रांनो' अशी सुरुवात आणि शेवटी 'के व्हिवा केनेडी'. (उच्चार खरं तर 'बिबा', पण ते असो.) ही जाहिरात मी दरवर्षी वर्गात दाखवते. उच्चार परका, पण वाक्यं नीट पाठ केलेली. मुलं चुका शोधायला बसतात आणि हात हलवत परत येतात. १९७६ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष फोर्डसाहेब टेक्सासातल्या सान अँटोनियोत गेले आणि तमाले वरच्या मक्याच्या पानासकट खाऊ लागले. पाहुण्याने पातोळी हळदीच्या पानासकट तोंडात घालावी, तसं. त्याचे फोटो छापून आले आणि टेक्सासात आजही त्याची चेष्टा होते. २०१५ च्या डिसेंबरात हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारकांनी 'हिलरी आणि तुमची आबुएला यांच्यात सात साम्यं' अशी यादी टाकली. आबुएला म्हणजे आजी. ज्यांच्या आज्यांनी सीमा ओलांडून, शेतात राबून, दुसऱ्यांची घरं पुसून पोरं वाढवली, त्यांनी 'ही माझी आजी नव्हे' म्हणून जे झोडपलं, ते पाहण्यासारखं होतं. बायडन यांनी तर २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीला, लुइस फॉन्सी या गायकाने ओळख करून दिल्यावर, खिशातला मोबाइल काढून त्याचंच गाणं माइकसमोर धरलं. मी ते बघताना डोळे मिटून घेतले होते.

त्याच बायडन यांच्या प्रचारात एक शहाणपणाची गोष्टही होती. एकच जाहिरात मायामीत क्युबन बोलीत, ऑर्लँडोत प्वेर्तो रिकोच्या बोलीत आणि फीनिक्सला मेक्सिकन बोलीत वाजे. आपल्याकडे कोल्हापूरला एक निवेदक आणि नागपूरला दुसरा घ्यावा, तसं. क्युबन माणूस शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतो आणि मेक्सिकन तो ठसठशीत उच्चारतो, हे जाणणारं कोणीतरी त्या कचेरीत होतं. 'हिस्पॅनिक' हे नाव सरकारी अर्जातल्या एका चौकोनाचं आहे. त्या चौकोनात कॅस्ट्रोपासून पळून आलेल्यांची नातवंडं आहेत. जन्मानेच अमेरिकन नागरिक असलेले प्वेर्तो रिकोचे लोक आहेत. त्यांना स्वतःच्या बेटावर राहून अध्यक्ष निवडता येत नाही, पण ऑर्लँडोत भाड्याने खोली घेऊन नाव नोंदवलं की येतो. आणि ज्यांचे पणजोबा टेक्सास अमेरिकेत येण्याआधीपासून तिथे राहत होते, असेही आहेत. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये मतदानाला पात्र असे हे लोक ३ कोटी ६२ लाख होते. एवढ्यांना एकाच गाण्यावर नाचवायला निघणं हाच मुळात भाबडेपणा.

आपल्या लेखात जे आलंच नाही, ते आता सांगते.

९ सप्टेंबर २००७. मायामी विद्यापीठात युनिव्हिजन या स्पॅनिश वाहिनीने डेमोक्रॅटिक उमेदवारांना एका मंचावर आणलं. प्रश्न विचारायला वाहिनीचे वृत्तनिवेदक होर्हे रामोस आणि मारिया एलेना सालिनास. प्रश्न स्पॅनिशमध्ये, उमेदवारांच्या कानात दुभाषा, उत्तर इंग्रजीत आणि प्रेक्षकांसाठी त्याचं पुन्हा स्पॅनिश. उमेदवारांमध्ये दोघांना स्पॅनिश उत्तम येत होतं: न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर बिल रिचर्डसन, ज्यांची आई मेक्सिकन, आणि डोमिनिकन रिपब्लिकमध्ये स्वयंसेवक म्हणून राहिलेले ख्रिस डॉड. वाहिनीने दोघांनाही स्पॅनिश बोलायला मनाई केली! बाकीच्यांना येत नाही, मग यांना आयता फायदा कशाला? रिचर्डसन यांनी तिथेच जाहीर नाराजी दाखवली. म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या स्पॅनिश वाहिनीनेच भाषेचं भांडवल उमेदवाराच्या हातून काढून घेतलं आणि फक्त प्रश्न शिल्लक ठेवला. रिपब्लिकन पक्षाच्या अशाच कार्यक्रमाला आधी एकटे मॅकेन तयार झाले. तो पुढे ढकलावा लागला आणि डिसेंबरात टॅनक्रेडो नावाचे एक उमेदवार सोडून बाकीचे आले.

दुसरा प्रसंग २०१२ चा, पुन्हा मायामी विद्यापीठ. २००८ मध्ये ओबामांनी याच रामोस यांना सांगितलं होतं, की पहिल्या वर्षात स्थलांतर सुधारणेचं विधेयक आणतो. आणलं नाही. चार वर्षांनी समोर अध्यक्ष बसलेले असताना रामोस यांनी ते काढलं: वचन ते वचन, आणि पूर्ण आदराने सांगतो, तुम्ही ते पाळलं नाही. ओबामांनी आधी आर्थिक संकट सांगितलं, विरोधकांकडे बोट दाखवलं. पुढे सर्वांत मोठं अपयश विचारल्यावर हेच सांगावं लागलं. निवडणुकीत त्यांना या समाजाची ७१ टक्के मतं मिळाली, हे मान्य. पण ती काही 'सी, से प्वेदे' (म्हणजे 'हो, जमेल') म्हटल्यामुळे नव्हेत. ती घोषणा मुळात १९७२ मधली, डोलोरेस वेर्ता आणि सेसार चावेस यांच्या शेतमजूर चळवळीतली. आपण ती उचलली, हे ओबामांनी वेर्ताबाईंना पदक देताना हसत कबूल केलं होतं.

हे सगळं काही सोवळं नाही. २०१५ मध्ये आयोवातल्या डुब्यूकला, नाव पुकारलं नसताना उठून प्रश्न विचारणाऱ्या रामोस यांना ट्रम्प यांनी 'जा युनिव्हिजनला परत' म्हणत सुरक्षारक्षकाकरवी बाहेर काढलं (मग थोड्या वेळाने आत घेतलं). आणि २०२३ च्या नोव्हेंबरात त्याच युनिव्हिजनवर, मेक्सिकोच्या टेलेव्हिसाशी विलीनीकरण झाल्यानंतर, ट्रम्प यांची मार-आ-लागो या त्यांच्या घरी घेतलेली तासाभराची मुलाखत लागली. उलटप्रश्न जवळजवळ नाहीत. बायडन यांच्या जाहिराती त्या वेळेतून काढून टाकलेल्या. तेव्हा या वाहिन्यांची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. प्रश्न विचारणारी वाहिनी मालक बदलला की पंखा घालायला लागते, हे आपल्या वाचकांना मी काय सांगू?

आता ऑक्टोबर २०२४. ह्यूस्टनला मुलीच्या शेजारी मेक्सिकोतल्या मॉन्तेरेहून येऊन तीस वर्षं झालेल्या एक बाई राहतात. नागरिकत्व आहे, मत देतात. जाहिराती लागल्या की त्या आवाज बंद करून क्रोशाचे टाके मोजत आणि बातम्या लागल्या की पुन्हा सुरू. १६ तारखेला रात्री युनिव्हिजनवरचा, ट्रम्प यांना मतदारांनी प्रश्न विचारायचा फ्लोरिडातल्या डोराल इथला कार्यक्रम आम्ही दोघींनी मिळून पाहिला. वर्षानुवर्षं पाठीत वाकून स्ट्रॉबेरी आणि ब्रोकोली तोडलेल्या एका शेतमजुराने उठून विचारलं, की हे काम करणारे बहुतेक बिनकागदपत्रांचे. त्यांना हाकललंत तर काम कोण करणार आणि आम्ही भाजीला काय भाव द्यायचा? उत्तर सीमेवरून येणाऱ्या गुन्हेगारांकडे वळलं. भाजीचा भाव तिथेच राहिला. समोर बसलेल्यांचे ते दगडी चेहरे पुढे कितीतरी दिवस फोनवर फिरत होते.

मी ऐकत होते दुभाष्याला. ट्रम्प यांचं वाक्य अर्ध्यात सुटतं, दुसऱ्याला चिकटतं, मध्येच तिसरं येतं. दुभाषा बिचारा व्याकरणाचा माणूस. तो कर्ता-क्रियापद जुळवतो आणि वाक्य पूर्ण करून देतो. स्पॅनिशमधले ट्रम्प मूळ ट्रम्प यांच्यापेक्षा बरेच सुसंगत आणि सौम्य वाटतात. ही मदत त्यांना फुकटात मिळाली! मी हे बोलून दाखवलं, तर बाई म्हणाल्या, "मला दोन्ही ऐकू येतात हो. पोरांना फक्त इंग्रजी कळतं." त्यांची मुलं आणि नातवंडं बातम्या इंग्रजीतच पाहतात, तीही फोनवर. माझ्या नातीची मराठी 'आजी, भूक लागली' एवढ्यावर येऊन थांबली आहे, त्यामुळे मी पुढे काही बोलले नाही.

निकाल आपल्याला ठाऊक आहेच. स्पॅनिशचं एक वाक्य न बोलता ट्रम्प यांना एक्झिट पोलनुसार ४६ टक्के हिस्पॅनिक मतं मिळाली. निवडणुकीच्या नऊ दिवस आधी त्यांच्याच सभेत एका विनोदवीराने प्वेर्तो रिकोला 'तरंगता उकिरडा' म्हटलेलं असूनही. टेक्सासात रिओ ग्रांदे नदीच्या काठचा स्टार परगणा जवळजवळ सगळा हिस्पॅनिक. २०१६ मध्ये तिथे क्लिंटनना ७९ टक्के मतं होती, २०२४ मध्ये तो शंभराहून अधिक वर्षांनी रिपब्लिकन झाला. आपल्या लेखाचा सिद्धान्त इथे कुठे बसवायचा? शेजारच्या बाई अंड्यांच्या डझनाचा भाव सांगत असत, अगदी सेंटसकट. कोणाला मत दिलं ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आपल्या लोकांवरही हा प्रयोग झालेला आहे. २०१६ मध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनला भारतीयांसाठी ट्रम्प यांचा मेळावा झाला आणि पाठोपाठ 'अब की बार ट्रम्प सरकार' ही जाहिरात आली. एडिसनच्या आमच्या मराठी नातेवाइकांनी ती एकमेकांना पाठवून पोट धरून हसून घेतलं. मत द्यायचं होतं तिथेच दिलं.

२० जानेवारी २०२५ ला व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरची स्पॅनिश पानं गेली आणि १ मार्चला इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा ठरवणारा आदेश निघाला. यावर आपल्या पुरवणीत एक ओळ असायला हवी होती.

आपली,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे

ता. क.: लेखात 'जॉर्ज रॅमॉस' असं दोनदा छापलं आहे. ते होर्हे रामोस. अडतीस वर्षं रोज संध्याकाळी बातम्या सांगून २०२४ च्या डिसेंबरात ते युनिव्हिजनमधून बाहेर पडले. निदान नाव तरी नीट छापा.